कपाटामागचं वारूळ

आषाढ लागल्यापासून शेषरावचा दिवस फडक्यातच जायचा. एक फडकं जमिनीवरच्या पाण्याला, दुसरं पुस्तकांवरच्या बुरशीला. दोन्ही फडकी अंजनाबाईच्या एकाच जुन्या लुगड्यातून फाडलेली, म्हणून कुठलं कशाचं हे त्याचं त्यालाच कळायचं.

भिलाई स्टेशनच्या रेल्वे लायनीतली मराठी शाळा एका जुन्या मालगोदामात भरायची. वर पत्रा, खाली चोपलेला मुरूम, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे पोरं आणि पलीकडे वाचनालय. वाचनालय म्हणजे एक कपाट. नव्या पोलाद कारखान्याच्या मशिनी रशियाहून ज्या पेट्यांतून आल्या, त्या पेट्यांच्या पांढऱ्या फळ्यांचं ते केलेलं होतं. पुस्तकं कृष्णराव गुरुजींनी जमवली होती. क्वार्टर-क्वार्टर हिंडून, नागपूरकडच्या ओळखीच्या गार्डांना गळ घालून, कुणाच्या मेलेल्या काकाची, कुणाच्या शिकून गेलेल्या पोराची. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते पुंडलिकराव, रेल्वेतले मालबाबू. ते कपाटावरून हात फिरवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "विलायती लाकूड आहे. आपल्याकडचा किडा याला तोंड लावत नाही." किड्याला विलायत कळते हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

शेषराव भंडाऱ्याकडचा. कारखान्याच्या उभारणीवर ठेकेदाराकडे खलाशी होता, साखळ्यांनी अवजड मशिनी चढवणारा. साखळीच्या पुलीत उजव्या हाताची बोटं चिरडली. ठेकेदारानं मलमपट्टीपुरती ओळख ठेवली, नंतर तीही सोडली. तेव्हा गुरुजींनीच मंडळाला सांगून नवरा-बायकोला इथं आणलं. झाडलोट, पाणी, वाचनालयाची राखण करायची आणि गोदामाला टेकून असलेल्या खोलीत राहायचं. भिलाईत तेव्हा माणसं उदंड आणि छपरं मोजकी. लोक पोत्याच्या झोपड्यांत पावसाळा काढत होते. पुस्तकं नीट तर खोली आपली, हे शेषराव चांगलं समजून होता.

म्हणून तो पुस्तकांना लेकरासारखा जपायचा. खरं लेकरू त्याला नव्हतं. जरा उघडीप पडली की खाटेवर पुस्तकं पसरायची, पानं डाव्या हातानं उलटायची, करड्या बुरशीवर कोरडं फडकं फिरवायचं. कसर लागू नये म्हणून वेखंड, मधे मधे कडुनिंबाचा पाला. उंदराला चाप. पत्र्यातून गळायला लागलं की कपाटावर ताडपत्री आणि स्वतःच्या खाटेखाली घमेलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. संध्याकाळी एखादं पुस्तक काढून बायकोला वाचून दाखवायचा. सध्या एका खलाशाची गोष्ट चालली होती. हा खलाशी जहाजावरचा. जहाज फुटतं, तो कुठल्याशा बेटावर लागतो, तिकडे घरी बायको वाट पाहते.

"येते का तो घरी?" अंजनाबाई रोज विचारायची.

"अजून अर्धं पुस्तक रायलं ना, अंजने. धीर धर."

अशात एका सकाळी कपाट पुसताना त्याला मागच्या कोपऱ्यात मातीचा उंचवटा दिसला. ओली लाल माती, वीतभर वर आलेली. बोट लावलं तर आत पांढरी वाळवी वळवळली. शेषराव तडक बाहेर गेला आणि पहार घेऊन आला.

"काय करून राहिले?" अंजनाबाईनं दारातूनच विचारलं.

"उधई हाय. खणून काढतो, अन् वरून घासलेट ओततो."

ती जवळ आली. वाकून पाहिलं आणि तिचा हात आपोआप कपाळाला गेला. "थांबा ना वो! वारूळ हाय ते."

"वारूळ कायचं? चार मुठी माती हाय."

"आज चार मुठी हाय. पंचमी तोंडावर आली, अन् तुमी नागोबाच्या घरावर पहार घालता? आपल्या गावात कोनी केलं होतं असं?"

"गावात वारूळ बांधावर रायते. कपाटामागं नाई."

"इथं बांध ठेवले कुठं ह्यायनं?"

हे मात्र खरं होतं. लायनीपलीकडे पळसाखाली मोठं वारूळ होतं. रेल्वेतल्या मराठी बाया दर पंचमीला तिथं जायच्या. गेल्या साली ताटं घेऊन गेल्या तर पळस नाही, वारूळ नाही, शेत नाही. डोजरनं सगळं पाटासारखं सपाट केलेलं. बाया तशाच परत आल्या आणि पाटावर नाग काढून पूजा उरकली. त्याच महिन्यात पुंडलिकरावांच्या मुलाला विषमज्वर झाला. पोरगा वाचला, पण त्याच्या आईनं, कमलिनीबाईनं, दोन्हीची गाठ मारून ठेवली होती.

शेषरावनं पहार भिंतीला टेकवली. पंचमी होईस्तोवर काय होतं, असं त्यालाही वाटलं. देवाला भिणारा माणूस होता तो, आणि बायकोलाही.

अंजनाबाई लायनीत पाणी भरायची. कमलिनीबाई तिला "ए पाणीवाली" म्हणायच्या आणि हंडा उंबऱ्याबाहेर ठेवून घ्यायच्या. त्या दिवशी अंजनाबाईनं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "बाई, शाळेत नागोबा आला."

"काय म्हणतेस?"

"वारूळ फुटलं. कपाटामागं. आपसूक."

कमलिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला आत बोलावलं आणि बसायला चटई टाकली. तास गेला तरी अंजनाबाई परतली नाही. आली ती कपाळाला मळवट भरून, आणि चालण्यात असा ठसका की शेषरावनं ओळखलं, आता पहार हलत नाही.

गुरुजींनी वारूळ पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "पुंडलिकराव, ही वाळवी आहे. पुस्तकं आहेत इथं."

"गुरुजी, मला का कळत नाही? पण बायकांचा सण आहे. पूजा होऊन जाऊ द्या, मग काढून टाकू. आणि कपाट विलायती आहे."

गुरुजी पडदा सारून पोरांकडे परतले. त्यांचं क्वार्टर पुंडलिकरावांच्या शब्दानं मिळालं होतं. विद्वान माणसाचं तोंड बंद करायला फार मोठं कुलूप लागत नाही.

पंचमीला बायांना बसायला जागा हवी म्हणून लायनीतल्या गड्यांनी कपाट ओढून बाजूच्या भिंतीला नेऊन चिकटवलं. शेषराव म्हणाला, "भिताडाले ओल हाय जी, जरा सोडून ठेवा." ते म्हणाले, बायांचे पाय कुठं जातील मग? दूध घालायला मथुरा आली होती, जवळच्या गावची राऊतीन, म्हणजे गवळीण. वारूळ पाहून हसली. "हमर गाँव के सब भिंभोरा ल मसीन खा डारिस, अउ ये तुँहर घर म निकलिस!" मशिनीनं गावची वारुळं खाल्ली होती तशी तिची धानाची बांधीही खाल्ली होती. तिनं दूध मापून दिलं आणि गेली.

बायांनी वारुळाला हळद-कुंकू लावलं, लाह्या उधळल्या, दूध ओतलं. दूध मुरमात जिरत कपाटाच्या पायापर्यंत गेलं. मग कमलिनीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आधी अंजनाबाईंची ओटी भरा. नागोबा त्यांच्या घरी आला."

अंजनाबाई. एवढ्या दिवसांत लायनीत तिला या नावानं कोणी हाक मारली नव्हती. तिनं पदर पसरला. कमलिनीबाईंनी त्यात तांदूळ घातले, नारळ घातला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "पुढच्या पंचमीला मांडीवर लेकरू घेऊन बसशील बघ."

शेषराव बाहेर ओट्यावर बसून हे ऐकत होता. रात्री त्यानं खाट टाकली तेव्हा पाहिलं. तिनं ओटीतला नारळ उशाशी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहार उचलली तर ती दारात आडवी झाली. "श्रावण संपू द्या, कमलिनीबाई म्हनली."

"पंचमीपर्यंत म्हनली होती तू."

"सोमवारी बाया येनार हायेत. मी हो म्हनली."

"अंजने, पुस्तकं गेली तं खोली जाते."

"कोन काढते आपल्याले? कमलिनीबाई सोता म्हनली, तुझं घर म्हनजे देवाचं ठिकान झालं." मग तिचा आवाज खाली आला. "मले एकदा पाहू तरी द्या ना वो."

उशाशी ठेवलेला नारळ त्याला आठवला. पहार पुन्हा भिंतीला लागली.

आता वाट उरली ती आडवाटेची. त्यानं चार डबे आणले, कपाटाचे पाय त्यात ठेवले आणि घासलेट ओतलं. सोमवारी बाया आल्या आणि नाकाला पदर लावून बाहेर पडल्या. पुंडलिकरावांनी त्याला पोरांसमोर उभं केलं. "देवाच्या खोलीत घासलेट? अक्कल गहाण टाकली का रे?" त्यानं डबे काढले. गुडघ्यावर बसून, धडधाकट हातानं, फडक्यानं सगळं घासलेट टिपून घेतलं. पडद्याच्या फटीतून पोरं पाहत होती.

जाता जाता पुंडलिकराव आणखी एक हुकूम देऊन गेले. नव्या सेक्टरमध्ये शाळेला जागा मिळावी म्हणून मंडळानं अर्ज केला होता. कारखान्याचा साहेब शाळा पाहायला येणार होता. "तोवर कपाट उघडायचं नाही. दमट हवा आत गेली की पुस्तकं फुगतात. साहेबाला कोरी करकरीत दिसली पाहिजेत."

"उन्ह नाई दाखवलं तं बुरशी धरन जी."

"तू मला शिकवू नको."

खलाशी बेटावरच राहिला. गुरुजींकडे शेषराव दोनदा गेला. गुरुजी दोन्ही वेळा म्हणाले, "मी बोलतो." ते कुणाशी बोलायचे ते देव जाणे, पुंडलिकरावांशी तर खासच नाही. वारूळ गुडघ्याएवढं झालं, मग मांडीएवढं. शेषराव बंद कपाटाच्या बाहेरून फडकं फिरवत राहिला. दारं चकचकीत होती. कधी कान लावला तर आतून बारीक करकर ऐकू यायची, पण पत्र्यावर पाऊस असायचा आणि कानाचा भरवसा नव्हता. किल्ली करगोट्याला होती. रोज हात तिच्याकडे जायचा आणि घासलेट पुसतानाची पोरांची नजर आठवून परत यायचा.

पोळा झाला. साहेब आला तो भादव्यातल्या एका स्वच्छ सकाळी. अंजनाबाईनं पहाटे उठून सडा घातला, रांगोळी काढली. कमलिनीबाई फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. साहेब हिंदी बोलणारा, भला माणूस वाटला. पोरांनी स्वागतगीत म्हटलं. वारुळाला झेंडूची माळ घातलेली पाहून साहेबानं नुसत्या भुवया उंचावल्या. मग पुंडलिकरावांनी बोट दाखवलं आणि शेषरावनं करगोट्याची किल्ली काढून कपाट उघडलं.

पुस्तकं ओळीनं ताठ उभी होती. पुठ्ठे जागेवर, नावं जागेवर. शेषरावच्या छातीतून इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास सुटला.

"वाह," साहेब म्हणाला. "किताबें तो बहुत अच्छी संभाली हैं."

आणि त्यानं मधलं एक पुस्तक ओढलं.

हातात नुसता पुठ्ठा आला. मागून लाल माती भसकन खाली आली, साहेबाच्या बुटांवर. शेजारची पुस्तकं आधार गेल्यासारखी एकमेकांवर कलली आणि फुटली. एकातही पान नव्हतं. पुठ्ठ्यांच्या आत मातीचे बोगदे होते आणि त्यांत पांढरी वाळवी उजेडाला भिऊन सैरावैरा धावत होती. कपाटाची मागची फळी तर उरलीच नव्हती. तिच्या जागी भिंतीची ओल आणि वारुळाची पसरलेली मुळं. विलायती लाकूड किड्याला फार रुचलं होतं.

साहेबानं बूट झटकले, घड्याळ पाहिलं आणि जीपमध्ये बसला. फराळाचं ताट तसंच राहिलं.

शेषराव खाली बसून माती चाळत होता. खलाशाच्या पुस्तकाचा पुठ्ठा सापडला. त्यावरचं जहाज जसंच्या तसं होतं. उलटून पाहिलं तर आत मूठभर चिखल.

"किल्ली कोणाकडे होती?" पुंडलिकराव ओरडले.

"माह्याजवळ जी. पन तुमीच म्हनलं का उघडू नोको..."

"उघडू नको म्हटलं. खाऊ दे म्हटलं का? राखणदार कशाला ठेवलाय तुला?"

"मी पह्यल्याच दिशी पहार घेतली होती. ईचारा गुरुजीले."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो पुसून होईना.

अंजनाबाई कमलिनीबाईंजवळ गेली. "बाई, तुमी सांगा ना. तुमीच म्हनली होती, श्रावण होऊ दे."

कमलिनीबाईंनी पदर सावरला, तिचा स्पर्श होऊ नये असा. "आम्ही येऊन पूजा केली आणि गेलो. राखण तुमची होती. मला कशाला मधे ओढतेस, ए?"

ए. अंजनाबाई जागच्या जागी उभी राहिली. तिला संताप आला तो कमलिनीबाईंचा नव्हे, स्वतःचा. एका नावासाठी आणि कानात सांगितलेल्या एका वाक्यासाठी तिनं नवऱ्याला हातातली पहार खाली ठेवायला लावली होती.

संध्याकाळी निरोप आला, खोली रिकामी करा. अंधार पडता पडता गुरुजी आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "शेषराव, मी बोलणार होतो."

"बोलाचं होतं, गुरुजी," शेषराव म्हणाला आणि खाटेची दोरी सोडायला लागला.

सकाळी त्यांचं सगळं बिऱ्हाड एका गाठोड्यात आणि एका खाटेत मावलं. निघताना पुंडलिकराव लायनीतल्या चार लोकांना घेऊन आले. बाया जरा लांब, नळापाशी उभ्या होत्या.

"जाण्याआधी तेवढं वारूळ फोडून दे," पुंडलिकराव म्हणाले. आवाज कालच्यापेक्षा पुष्कळ मऊ होता.

शेषरावला हुकूम ऐकायची सवय. त्यानं खाट उतरवली आणि पहार घ्यायला गेला. अंजनाबाईनं ती त्याच्या हातून काढून घेतली.

"काल सकाळपावेतो नागोबा होता," ती म्हणाली. "आज उधई झाली?"

"तोंड चालवू नको. देवाचं आम्ही बघून घेऊ, शांत करू. तू फक्त..."

"घ्या." तिनं पहार त्यांच्यापुढे धरली. "पयला घाव तुमी घाला. मंग आमी सारं उपसून देतो, माती पन वाहून टाकतो."

पुंडलिकराव एक पाऊल मागं सरले. "माझ्या घरात लेकरं आहेत."

तिनं पहार दुसऱ्यापुढे धरली, तिसऱ्यापुढे धरली. प्रत्येकाच्या घरात लेकरं होती. गुरुजींपुढे मात्र तिनं ती धरलीच नाही.

"बरोबर हाय," अंजनाबाई म्हणाली. "आमाले लेकरू नाई, म्हणून पाप आमाले द्या." तिनं पहार वारुळापुढे जमिनीवर आडवी ठेवली, ओटीतला नारळ काढून तिच्याजवळ ठेवला, आणि हात न जोडता बाहेर आली. "तुमचा देव तुमी सांभाळा. चला वो."

त्यांनी खाट दोन बाजूंनी उचलली. शेषरावची बाजू खाली जात होती, कारण त्याला एकाच हातानं धरता येत होतं.

जागा शाळेला मिळाली नाही. मजुरांच्या कॅम्पात कोणाच्या तरी पोत्याच्या झोपडीला झोपडी लावून दोघांनी थंडी काढली. ताप, खोकला सगळं काढलं. उन्हाळ्यात अहिवाऱ्याच्या वाटेवरच्या एका चुनखडीच्या खदानीवर काम मिळालं. अंजनाबाई घणानं गिट्टी फोडायची, शेषराव डाव्या हातानं ती टोपल्यात भरायचा. तिच्या तळहाताला आधी फोड आले, मग घट्टे पडले.

पुन्हा श्रावण आला. पाऊस थांबला की ऊन कातडी सोलायचं आणि चुनखडीच्या पांढऱ्या धुळीचा अंगावर चिखल व्हायचा. अशाच एका दिवशी ठेकेदाराच्या हापिसात दूध घालून मथुरा परतत होती. अंजनाबाईला ओळखून ती कडेला टेकली. आज तिचं दूध लवकर संपलं होतं.

"तोर भिंभोरा त अब छानी ल छूवत हे, बाई," ती हात उंच करून म्हणाली. छपराला टेकलं होतं वारूळ.

"अन् शाळा?"

"इस्कूल त बंद होगे." पोरं आता हिंदी शाळेत जातात, मथुरा सांगत होती. गोदामाला ताला ठोकलाय. पण आज सगळ्या बाया आल्या होत्या आणि खिडकीच्या गजांतून दूध ओतत होत्या. दूध कमी पडलं इतकी गर्दी. "कमलिनीबाई कहत रिहिस, देवता जागृत हे."

"अन् पुस्तकं?" शेषरावनं मान वर न करता विचारलं.

"कोन पुस्तक?" मथुरा म्हणाली. तिनं दुधाची रिकामी कासंडी डोक्यावर घेतली आणि ती वाटेला लागली.

अंजनाबाईचा घण मांडीवर आडवा पडला होता. आज पंचमी. खदानीत तिथी कळत नाही, ती मथुरेच्या तोंडून कळली. पंचमीला खणू नये, कापू नये, फोडू नये. लहानपणी या दिवशी आई विळी उलटी करून ठेवायची आणि घरात सुरीचं नावही काढू द्यायची नाही.

"तो खलाशी," ती एकदम म्हणाली, "आला असंन का वो घरी?"

शेषराव टोपलं भरत होता. "मले काय मालूम."

वरून मुकादमानं हाक दिली, "ए गिट्टीवाली! बैठने का पैसा मिलता है क्या?"

अंजनाबाईनं नवा दगड ओढून दोन्ही पायांच्या मधे धरला, घण उचलला आणि फोडला.